उंबऱ्यावरचं लाल पाणी

"आणि चावलं तर?"

"तर चावलं."

"तसं नाही बाई. मी काय करायचं, असं विचारतेय."

"धुवायचं. साबण लावून, वाहत्या नळाखाली, भरपूर वेळ. मग दवाखाना. मग इंजेक्शन."

"ते माहीत आहे मला."

"मग विचारतेस कशाला?"



लोखंडे बाई म्हशीचा पाय मांडीवर घेऊन खुरात रुतलेला खडा काढत होत्या. म्हैस मोकाट सापडलेली, कुणाची ते अजून कळलं नव्हतं. पण बाईंच्या मांडीवर पाय टाकून ती अशी उभी होती, की जणू माहेरी आलीय.

बाईंचा जन्म जनावरांच्या दवाखान्यांत गेला. निवृत्त झाल्यावर त्या नगरपरिषदेच्या कोंडवाड्यालगतच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. तेव्हापासून नवीन नेमणूक झाली, की साहेब त्या माणसाला त्यांच्याकडे पाठवतात. शिकवा म्हणून.

या खेपेला मी.

पद मोठं होतं. प्राणी नियंत्रण अधिकारी. त्यातले प्राणी गावात भरपूर होते, अधिकारी मी झाले होते. मधलं तेवढं राहिलं होतं.

प्राणिशास्त्रात बी.एस्सी., पहिला वर्ग. मुलाखतीत मी कुत्र्याच्या देहबोलीवर असं काही बोलले होते, की मुख्याधिकाऱ्यांनी चहा थंड होऊ दिला. गल्लीत कुत्रं दिसलं, की मी रस्ता बदलते, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आल्यापासून बाईंनी मला जाळं हातात दिलं नव्हतं. फासाची काठी भिंतीला टेकलेली असायची. मी हौदात पाणी भरायचे.

एकदा धीर करून विचारलं होतं.

"बाई, पकडायला कधी शिकायचं?"

"सोडायला आलं, की."

आणखी एकदा विचारलं होतं, ते त्यांच्या उंबऱ्याबद्दल.

त्यांच्या उंबऱ्यावर लाल पाण्याची बाटली होती. आमच्याकडे घरोघरी असते तशी. कुंकू नाहीतर रंग कालवायचा, बाटली भरायची, दारात ठेवायची. कुत्रं बिचकतं म्हणतात. बाईंच्या दारात तीन कुत्री झोपलेली असत, आणि त्यातल्या म्हाताऱ्याची हनुवटी त्या बाटलीवरच टेकलेली असे.

"बाई, कुत्र्याला लाल रंग धड दिसतही नाही," मी म्हटलं होतं. जरा शिकवल्यासारखंच.

"हो."

"तुम्ही पशुवैद्य."

"हो."

"मग ही बाटली?"

"हं..." म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्या दिवशी मात्र मी प्रश्न विचारायला आले नव्हते. गाडी मागायला आले होते.

खडा निघाला. बाईंनी तो तळहातावर घेऊन पाहिला, म्हशीलाही दाखवला.

"बोल आता. एवढ्या सकाळची?"

"गाडी हवी आहे. एक कुत्री उचलायची आहे."

"लसीला?"

"नाही."

"ऑपरेशनला?"

"नाही... घाटात सोडायला."

बाईंनी म्हशीचा पाय हळूच खाली ठेवला.

"पिल्लं आहेत?"

"आहेत."

"डोळे उघडलेत?"

"...नुकतेच."

"नियम काय सांगतो?"

"पाठ आहे मला."

"म्हण."

मी म्हटला. शाळेत पाढे म्हणतात तसा. दूध पाजणारी मादी उचलायची नाही. पुढे उचललीच, तर ऑपरेशन आणि लस करून जिथून उचलली तिथेच आणून सोडायची. दुसरीकडे सोडायची नाही.

"पहिला वर्ग," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"बाई, माझी मुलगी जाते त्या अंगणवाडीत."

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

मग मी सगळं भडाभडा सांगितलं. आमच्या गल्लीतली तांबडी. अंगणवाडीच्या ओट्याखालच्या पोकळीत व्यायलेली. आधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण चार-पाच दिवस झाले, मुलांच्या अंगावर येते. काल फाटकातून मुसंडी मारली आणि रेवाच्या फ्रॉकचा काठ दातात. गल्लीतल्या आया माझ्या दारात आल्या. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, तू सायबीण झालीस आणि तुझ्याच्यानं एक कुत्रं हलेना? मी शब्द दिला. आजच्या आज हलवते म्हणून.

"रेवा केवढी?"

"साडेतीन वर्षांची."

"घाबरली?"

"नाही. फाटका काठ गल्लीभर दाखवत हिंडली."

"मग घाबरलं कोण?"

हौदात नळ ठिबकत होता.

"गाडी ने," बाई म्हणाल्या. "ऐनापुऱ्याला सांग."

मी नकाराची तयारी करून आले होते. त्या नकारावर चिडायची, रडायची, राजीनामा तोंडावर टाकायचीसुद्धा तयारी होती. होकाराचं काय करायचं, ते ठरवलं नव्हतं.

"मीही येते," त्या म्हणाल्या आणि तपकिरीची डबी कमरेला खोचली. "कधीपासून गल्लीत बसले नाही कुणाच्या."

गाडीत ऐनापुरे मामा माझी समजूत काढत होते. गाडीही तेच चालवतात, जाळंही तेच टाकतात.

"मॅडम, तुमी काय मनाला लावून घेऊ नका. घाटात बिबट्या हाय. फार दिवस हाल होत न्हाईत."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"आन् पिल्लं काय, मुंग्या लागल्या की..."

"मामा, समोर बघून चालवा."

"समोरच बघतुय की."

बाईंनी चिमूटभर तपकीर ओढली.

गल्लीत सगळ्या आया उंबऱ्यांवर आल्या होत्या. सासूबाई सर्वांत पुढे, पदर खोचून.

"आली बघा आमची सायबीण. गाडी घिऊनच आली." मग बाईंकडे बघत हळूच मला, "ह्या कोण? ह्या धरणार?"

"या माझ्या बाई."

"या वयात?"

"बसणार आहे मी नुसती," बाई म्हणाल्या.

अंगणवाडी सुटायला अवकाश होता. आत मुलं खिचडी खात होती. रेवाचा आवाज मला त्या गोंधळातही वेगळा ऐकू येत होता. पायरीशी इवल्या इवल्या चपलांची रांग. चपलांच्या शेजारी ओट्याला भगदाड, एक पोरगं रांगत जाईल एवढं. आतून कुंईकुंई येत होती.

"दार लावून घ्या हो," बाईंनी अंगणवाडीच्या कमलताईंना सांगितलं. दार लागलं. मग माझ्याकडे वळून, "चपला काढ. बस तिथे."

"कुठे?"

"मुलं बसतात तिथे."

"जाळं घेऊ?"

"कशाला?"

"बाई, ती येईल."

"येईल की. तिचं घर आहे."

मी ऐनापुरे मामांकडे पाहिलं. ते जाळं झटकून तयार होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जाळं खाली ठेवलं.

मी बसले. खालच्या पायरीवर, रेवाच्या गुलाबी चपलांशेजारी. भगदाड माझ्या डाव्या गुडघ्याशी आलं. पायरी गार होती, तरी पाठीला घाम आला होता. बाई समोरच्या कट्ट्यावर टेकल्या.

"मामा, गाडी बंद करा," म्हणाल्या. "डिझेल जळतंय."

गाडी बंद झाली, तशी गल्ली एकदम शांत झाली.

तांबडी आली.

फाटकातच थबकली. भुंकली नाही. मी मान खाली घातली, कारण नजरेला नजर द्यायची नाही हे मी मुलाखतीत सांगितलं होतं. मान खाली घातल्यावर तिचं पोट दिसलं. आचळं तटतटली होती. एकातून थेंब गळत होता. फाटकापासून पुढे बारीक ओले ठिपके.

माझ्या मागून कुंईकुंई वाढली. तिनं एक पाऊल टाकलं. मला पाहून मागे घेतलं. घशातून गुरगुर आली, ती मधेच मोडली आणि तिचा केविलवाणा सूर झाला.

मला एकदम भलतंच आठवलं.

रेवा तान्ही असताना मी एक परीक्षा दिली होती. वर्गाबाहेर सासूबाई तिला घेऊन बसलेल्या. अर्ध्या पेपरात ती रडायला लागली. माझा ब्लाऊज भिजला. पर्यवेक्षक दारात उभे होते, घंटा होईपर्यंत कुणाला सोडायचं नाही म्हणून. चांगले गृहस्थ होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी काही केलं नव्हतं. ते फक्त मधे उभे होते.

त्यांना चावावंसं वाटलं होतं मला.

तांबडी माझ्या गुडघ्याकडे बघत होती. गुडघ्यामागच्या भगदाडाकडे.

"बाई," मी पुटपुटले, "मी तिच्या आणि पिल्लांच्या मधे बसलेय."

"हं."

"मुलं पण इथेच बसतात. चपला घालायला..."

"हं."

"पण मुलं आधीही बसायची! आधी नाही आली कधी अंगावर."

"आधी कुठून यायची?"

"बोळातून. ओट्याला बाजूनंही एक भगदाड आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. तिथून जायची, तिथून यायची."

"मग?"

"आता पुढून येते."

"का?"

मी बोळाकडे वळून पाहिलं.

"वृषाली," बाई म्हणाल्या. त्यांनी मला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "बोळात काय आहे?"

"...बाटल्या."

मी उठले. अगदी सावकाश उठले. भिंतीला पाठ घासत बोळात शिरले.

बाटल्या रांगेनं होत्या. कोल्ड्रिंकच्या, खोबरेल तेलाच्या, एक फिनेलची. लाल, गुलाबी, कुणी नीळ घातलेली. बाजूच्या भगदाडाच्या तोंडाशी गल्लीतल्या आयांनी त्या एकीला एक चिकटवून मांडल्या होत्या. वरून आणखी एक थर, फटींत विटांचे तुकडे, पडू नयेत म्हणून. मांजरीचं पिल्लू शिरलं नसतं.

पहिली माझी होती. रेवाच्या रंगपेटीतला लाल रंग कालवून, तांबडी तिथून येते म्हणून तिथेच, अगदी नेम धरून ठेवलेली. माझं बघून शेजारणीनं ठेवली. तिचं बघून तिच्या जावेनं. बी.एस्सी. बाईनं ठेवली म्हणजे गुण असणारच, असं सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या.

रंगाला तांबडी भ्यायली नव्हती. तिचं दार तेवढं बंद झालं होतं. आणि उघडं राहिलेलं दार पोरांच्या चपलांपाशी होतं.

मी वाकले आणि एकेक बाटली काढायला लागले. बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या. एक फुटली, लाल पाणी पायावर उडालं.

"अगं बाई, चावली!" गल्लीतून कुणीतरी किंचाळलं.

"रंग आहे," मी ओरडून सांगितलं.

"चावली न्हाई हो, रंगच हाय," ऐनापुरे मामांनी पुढे कळवलं.

भगदाड मोकळं झालं. मी बोळाच्या टोकाला जाऊन भिंतीला चिकटून उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तांबडी वळणावरून आली, नाक जमिनीला लावून. भगदाडाशी थांबली. वास घेतला. माझ्याकडे एकदा पाहिलं...

आणि आत गेली.

कुंईकुंई थांबली. मग चुटूचुटू आवाज यायला लागला, एकमेकांवर चढलेला, घाईघाईचा. मी तो ऐकत उभी राहिले. एका पायात चप्पल नव्हती, हे नंतर लक्षात आलं. दुसऱ्यातही नव्हती.

बाहेर आले तर गल्ली वाट बघत होती.

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "नेत न्हाईस?"

"नाही."

"न्हाई म्हंजे?"

मी सांगितलं. बाटल्यांचं, भगदाडाचं, चपलांचं. माझी बाटली पहिली होती हेही सांगितलं. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारीण म्हणाली, माझी तर साधी कुंकवाची होती, जणू तिच्यात दोष कमी.

"ते सगळं खरं," सासूबाई म्हणाल्या. "आणि चावली तर?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या तपकिरीची डबी बंद करत होत्या. त्यांना ती बंद करायला फारच वेळ लागत होता.

उत्तर मला द्यायचं होतं.

"पिल्लं बाहेर येईपर्यंत मी रोज सुटायच्या वेळी इथे बसेन," मी म्हटलं. "खालच्या पायरीवर. पुढच्या भगदाडाला आजच फळी लावून घेते. बोळात कुणी जायचं नाही. पिल्लं मोठी झाली, की तांबडीला ऑपरेशनला नेईन, लस टोचून आणीन. आणि इथेच सोडीन."

"सायबीण चपला राखत बसणार?"

"हो."

सासूबाईंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. लाल पावलं, धुळीनं माखलेला ड्रेस.

"मग पाट घेऊन जात जा," त्या म्हणाल्या. "पायरी गार असते. तुझी कंबर धरते."

अंगणवाडीचं दार उघडलं. मुलं बाहेर आली, आपापल्या आयांना बिलगली. रेवा पळत आली, माझे पाय बघून थांबली.

"आई, तू माझा रंग सांडलास?"

"हो."

"सगळा?"

"थोडा."

तिनं मोठ्या मनानं मान डोलावली आणि आजीचा हात धरून निघून गेली.

गल्ली पांगली. ऐनापुरे मामांनी जाळं घडी करून ठेवलं, ते जरा खट्टू दिसत होते. बोळाच्या तोंडाशी बाटल्यांचा ढीग पडला होता. बाई त्याच्याजवळ उभ्या होत्या.

मी त्यांच्यापाशी गेले.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"माझे पाय अजून कापताहेत."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. कापत होतेच.

"कापताहेत खरे," म्हणाल्या.

"असे कापणारे पाय घेऊन हे काम कसं करायचं? ती आत गेली ना, तेव्हासुद्धा मी डोळे मिटले होते. साहेबांना तुम्ही काय सांगणार? नीट सांगा हं. मी मुलाखतीत खूप मोठमोठं बोलले होते..."

"सांगेन, ती रोज पायरीवर बसते."

"आणि घाबरते?"

बाई वाकल्या. ढिगातून एक बाटली उचलली, माझीच. उन्हात धरून हलवली. लाल पाण्यात ऊन हललं. पदरानं धूळ पुसली आणि बाटली माझ्या हातात दिली.

"घरी ने. उंबऱ्यावर ठेव."



"बाई, आत्ता तर आपण सगळ्या काढल्या!"

"वाटेतल्या काढल्या. ही उंबऱ्यावर ठेव."

"पण कुत्री हिला घाबरत नाहीत."

"त्यांना कशाला घाबरवायचं?"

त्या गाडीत जाऊन बसल्या. मामांनी किल्ली फिरवली. मला तो म्हातारा कुत्रा आठवला, बाटलीवर हनुवटी टेकून झोपलेला. मी बाटली घेऊन खिडकीशी पळाले.

"मग तुमच्या उंबऱ्यावरची, बाई? ती कशासाठी?"

खिडकीतून हात बाहेर काढून बाईंनी माझ्या हातातल्या बाटलीचं सैल झाकण घट्ट केलं. त्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत दातांचे जुने वण होते.

"आत कुणीतरी घाबरणारं राहतं," त्या म्हणाल्या. "कुत्र्यांना सांगून ठेवलेलं बरं."